ओवाळणीच्या गोळ्या

रनाळ्याच्या चुडामण पाटलाची बायको सुंदरबाई अंगानं काटक होती, पण चाळिशी गाठायच्या आतच तिच्या सांध्यांनी तिच्याशी वैर धरलं. आधी बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठल्यावर तिला मूठ वळता येत नसे. दादर ज्वारीचं पीठ मळायला बसली की दोन भाकरींतच तिचे डोळे भरून येत. हात डोक्यापर्यंत जाईना, तेव्हा चुडामण दार लोटून घेई आणि आपल्या हातानं तिची वेणी घाली. हे गावात कळलं असतं तर पारावर त्याचं हसं झालं असतं, पण त्याला त्याची पर्वा उरली नव्हती.

निर्गुडीच्या पाल्यानं शेकून झालं, बिब्ब्याचे चटके झाले, मोहाच्या बियांचं तेल चोळून चोळून अंथरुणाला त्याचा वास बसला. कशानं काही होईना. त्या वर्षी पौषात तिला उचलूनच बैलगाडीत घातलं आणि चुडामणनं गाडी नंदुरबारला डॉक्टरांच्या दारात नेली.

डॉक्टर वयानं उतरलेले आणि बोलायला मोजके होते. त्यांनी सुंदरबाईचे हातपाय तपासले आणि पांढऱ्या चपट्या गोळ्यांची बाटली पुढे केली. मग चुडामणला जवळ बसवून म्हणाले, "पाटील, नीट ऐका. ही गोळी दुखणं मारते, आजार मारत नाही. आणि एखाद्याच्या लिव्हरला ती सोसत नाही. अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली, लघवी काळपट झाली, की त्याच दिवशी गोळी बंद. थांबायचं नाही, वाट बघायची नाही. सरळ इकडे यायचं."

चुडामणनं मान डोलावली. घरी जाताना गाडीत त्यानं हे सगळं सुंदरबाईला दोनदा सांगितलं. तिनंही मान डोलावली.

गोळ्यांनी जादू केली. पंधरवड्यात ती भिंतीचा आधार सोडून चालू लागली. होळीला स्वतःच्या पायांनी पाण्याला गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर तिनं खापरावरचे मांडे केले. मांडे म्हणजे काही सोपं काम नव्हे. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर नाचवत नाचवत वाढवायची आणि तापलेल्या खापरावर अलगद सोडायची. ते करताना तिचे हात बघायला शेजारच्या बाया दारात जमल्या होत्या. मांडे झाल्यावर ती निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली आणि माहेरवाशिणींबरोबर गाणं म्हणू लागली. चुडामण खळ्याच्या भिंतीआड उभा राहून ऐकत होता. बायकोचा असा मोकळा आवाज त्यानं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

ज्येष्ठ सरताना तिला खाज सुटली. रात्रंदिवस अंग ओरबाडायची. पण चुडामण समोर आला की हात पदराखाली. फोडणीचा वास आला की तिला मळमळे, म्हणून चूल विधवा नणंदेकडे दिली आणि म्हणाली, "आक्का, तुम्हना हातनी भाजी गोड लागस." कमलबाई या शब्दांनी सुखावली. चुडामणची ही थोरली बहीण बरीच वर्षं त्याच्याच घरी राहत होती. तिलाही काही कळलं नाही.

आषाढात एक दिवस पाऊस उघडला. लख्ख ऊन पडलं होतं. सुंदरबाई विहिरीवर धुणं धूत होती, चुडामण बैलांना पाणी दाखवायला आला. तिनं वर पाहिलं, ऊन तिच्या डोळ्यांत शिरलं, आणि चुडामणच्या हातातला कासरा गळून पडला.

"तुन्हा डोया पिवया शेतस," तो म्हणाला.

"उन्हना भास व्हस तुमले."

"खाज सुटनी का तुले? खरं सांग."

ती खाली बघून कपडा आपटत राहिली.

"मी तुले सांगेल व्हतं! गाडीमा बशीसन सांगेल व्हतं!"

"माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली, आणि हातातला कपडा तसाच धरून रडू लागली. "पन सांगं असतं तर तुम्ही गोयी बंद करी टाकी असती. माले परत त्या खाटलावर नही पडनं. माले नही पडनं हो!"

डॉक्टरांनी तिच्या बरगडीखाली हात दाबला तशी ती कळवळली. त्यांनी चुडामणला बाहेर बोलावलं. "लिव्हर सुजलंय. गोळी आत्तापासून बंद, बाटली इकडे द्या. उसाचा रस, ताक, भात, आणि विश्रांती. मला विचारल्याशिवाय दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी तोंडात जाता कामा नये. कळलं? कुठलीही."

"आनि दुखनं तर?"

डॉक्टर बाटली कपाटात ठेवत म्हणाले, "दुखणार. सोसायला लावा. जीव वाचवायचा असेल तर सोसायलाच लागेल."

सोसायला लावा, असं बोलायला कितीसा वेळ लागतो! गोळी थांबली आणि आठवड्याच्या आत दुखणं दुप्पट होऊन परतलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर उसळल्यासारखं झालं. कूस बदलायची म्हटलं तरी ती किंचाळे. अंगावर चादर सोसेना, मग चादरीवाचून थंडीनं कुडकुडे. पावसानं शेताची कामं तुंबली होती, त्यामुळे चुडामणला घरातून पळायलाही जागा नव्हती. ओसरीवर गोणपाटावर बसून तो दोन्ही कानांवर हात दाबून धरी. हातांच्या आडूनही तिचा आवाज येई.

"एक गोयी द्या. एकच. मंग नही मांगावं. तुम्हना पाया पडस."

"मन्हाजोडे नही गोयी. डॉक्टरले दी टाकी बाटली."

"मंग लई या. जा ना हो, लई या. तुमले काय करानं शे? हाडं तर मन्हा मोडी ऱ्हायनात."

विनवण्या संपल्या की शिव्या सुरू होत. तिनं त्याला कसाई म्हटलं, दुसरी बायको करायची म्हणून मला मारतो असं म्हटलं. वीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी कधी वर तोंड करून बोलली नव्हती. कमलबाईनं तिच्या गळ्यात काविळीची माळ बांधली, निंबाच्या पाल्यानं तिच्यावरून उतरून टाकलं, आणि मग भावापाशी येऊन बसली.

"चुडामण, आरे जनावर वरडनं तरी मानूस उठस. दे ना तिले आर्धी."

"आर्धीबी इख शे आक्का."

"इख तर इख. ही कोन्ही सजा शे?"

शेजारपाजारचेही बोलू लागले. पाटील पैसा वाचवतो, पाटलाचं काळीज दगडाचं. एक दिवस चुडामणला खरंच असह्य झालं. भर पावसात तो चिखल तुडवत नंदुरबारला गेला आणि डॉक्टरांपुढे हात जोडून उभा राहिला.

"साहेब, आर्धी द्या. आर्ध्यानी आर्धी द्या. तिले दोन घटका झोप लागू द्या."

डॉक्टरांनी त्याला कोरडा टॉवेल दिला, बाकावर बसवलं. "पाटील, एकदा ज्या लिव्हरनं ही गोळी नाकारली, त्याला पुन्हा ती दिली तर ते दुसऱ्यांदा सावरेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे म्हणून सांगतो. मी देणार नाही. तुम्ही माझ्या दारात बसून राहिलात तरी देणार नाही." मग त्यांनी सांधे कसे शेकायचे, मनगटाला फळी कशी बांधायची, गुडघ्याखाली उशी कशी द्यायची हे सगळं दाखवलं. ते शिकून, भिजत, चुडामण परतला.

श्रावण लागला तशी तिची डोळ्यांतली पिवळी झाक उतरू लागली. लघवीचा रंग सुधारला. दूधभात पोटात टिकू लागला. डॉक्टर म्हणाले, चांगलं चाललंय. दुखणं मात्र तिळभर हललं नव्हतं. ती आता ओरडायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि चुडामणला तिच्या ओरडण्यापेक्षा हे जास्त भय घालायचं.

राखीला तिचा धाकटा भाऊ मगन आला. त्याचं तापीपलीकडे खापर गावात किराण्याचं दुकान होतं. गुजराथेकडच्या व्यापाऱ्यांचं त्याच्याकडे जाणं-येणं असे. बहिणीवर त्याचा भारी जीव. आई लवकर गेली तेव्हा सुंदरबाईनंच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिची वाकडी झालेली बोटं बघून तो तिथंच मटकन बसला. तिला राखी बांधता येईना, तेव्हा त्यानं आपलं मनगट तिच्या तोंडाशी नेलं आणि तिनं दातांनी गाठ आवळली.

ओसरीवर येऊन तो मेव्हण्यावर तुटून पडला. "दाजी, तुम्ही मानूस शेतस का कोन? मन्ही बहीन सडी ऱ्हायनी, आनि तुम्ही देवावर हवाला टाकी बसनात?"

"डॉक्टरनी सांगं शे, मगन."

"डॉक्टर काय एकच शे दुनियामा?"

चुडामणनं त्याला सगळं समजावून सांगितलं. मगन ऐकत राहिला, मग पुन्हा बहिणीजवळ जाऊन बसला. आत कुजबुज चालली होती. चुडामणनं तिकडे लक्ष दिलं नाही. भाऊबहीण आहेत, बोलतील. सकाळी मगन निघून गेला. चारपाच दिवसांनी वाटेवरच्या कामाचं निमित्त सांगून पुन्हा येऊन गेला, तेव्हा चुडामण शेतात होता. "ओवाळणी राही जायेल व्हती, ती दी गया," एवढंच कमलबाई म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी चुडामण संध्याकाळी घरी आला आणि उंबऱ्यातच थबकला. सुंदरबाई चुलीपुढे बसली होती. हातात भाकरी थापत होती. थाप, थाप, थाप.

तिनं मान वर केली आणि हसली. "आज बरं वाटनं. शेकीशेकी उतरनं वाटस."

शेकानं एवढं उतरत नाही, हे त्याला कळत होतं. विचारावं असं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण समोर ती बसली होती, हसत होती, आणि त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी कण्हत नव्हतं. विचारलं आणि ते उत्तर आलं, तर पुन्हा त्या ओसरीवर कान दाबून बसायचं. चुडामण हातपाय धुऊन पाटावर बसला आणि जेवला. दुसऱ्या दिवशीही त्यानं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःची समजूत घातली की डॉक्टरांनी शिकवलेला शेक खरोखर लागू पडला असेल.

पोळ्याला तिनं बैलांना ओवाळलं, पुरणाचा घास भरवला, खाली वाकून त्यांच्या पायांवर पाणी घातलं. चुडामणला वाटलं, देव पावला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं अंथरूण धरलं. ओकाऱ्या थांबेनात. दुपारपर्यंत डोळे हळदीसारखे झाले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. चुडामणनं तिला गाडीत घातलं. वाट चिखलानं बुजलेली. चाक रुतलं की तो खाली उतरून खांदा लावी, आणि गाडीत ती काहीबाही बोलत असे, कधी त्याच्याशी, कधी मेलेल्या आईशी.

डॉक्टरांनी तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "काय दिलंत तिला?"

"काहीच नही साहेब. देवनी शपथ. मी काहीच नही दिधं."

"खोटं बोलू नका पाटील. वेळ नाही."

"नही साहेब!"

खाटेवरून सुंदरबाईचा हात हलला. तो कमरेशी चाचपडत होता. नऊवारीच्या निऱ्यांत खोचलेली चिंधी तिनं ओढून काढली. चिंधीत छोटी बाटली होती. आत पिवळ्या, गोल, साखरेच्या वेष्टनाच्या गोळ्या, थोड्याच उरलेल्या.

"त्यासले बोलू नका," ती डॉक्टरांना म्हणाली. गाडीत घातल्यापासून तिनं शुद्धीत काढलेले ते पहिलेच शब्द होते. "त्यासले ठाऊक नही. भाऊनी दिन्यात. मीच मांग्या. ती गोयी पांढरी व्हती. ही पिवयी शे. ही दुसरी शे ना?"

डॉक्टरांनी बाटली खिडकीशी नेली आणि वरची इंग्रजी अक्षरं वाचली. मग चुडामणजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "नाव वेगळं आहे. रंग वेगळा आहे. आत औषध तेच."

चुडामणच्या डोळ्यांपुढे चुलीपुढे भाकरी थापणारे ते हात होते.

निरोप गेला तसा मगन धावत आला. तोवर सुंदरबाईला झोपेची गुंगी चढू लागली होती. डॉक्टर सलाईन लावत होते, सुया टोचत होते, पण काय व्हायचं ते त्यांनी चुडामणला आधीच सांगितलं होतं. मगन खाटेच्या पायथ्याशी डोकं आपटू लागला. "मी इख दिधं! मन्ही बहीनले मी इख दिधं!"

तिनं डोळे किलकिले केले. "आरे मगन, नको रडू. आठ दिवस मी बाई व्हती. खाटलावरनं लाकूड नही." मग तिनं चुडामणकडे नजर वळवली. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही इचारं नही," ती म्हणाली, "ते बरं करं."

ती हे दोष देऊन म्हणाली की आभार मानून, हे चुडामणला पुढे जन्मभर कळलं नाही. त्यानंतर ती बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना ती गेली.

रनाळ्याला तिला अग्नी दिला. सगळे परतले तरी मगन नाल्याच्या काठावर एकटा बसून होता. चुडामण त्याला न्यायला गेला. डोईवरचे केस नुकतेच उतरवलेले, अंगावर ओलं धोतर.

"ऊठ. घर चाल."

मगन उठेना. एकाएकी त्यानं वर बघितलं. "दाजी, त्या गोया मी एकली बहीनले नही दिन्यात. आमना शेजारनी पार्वतीमावशी शे. तिना गुडघा धरेल शेतस. बहीनले आराम पडना हाई आयकीसन मी तिलेबी एक बाटली आनी दिधी."

"कव्हय?"

"पोळानं आगोदर."

सुतक चालू होतं. दहावं व्हायचं होतं. कमलबाई दारात आडवी आली. "तुन्हा डोकावरनं पानी सुकं नही आजून, आनि गाव सोडी जाशी? तिना आत्माले काय वाटी?"

"आक्का, बाजूले व्हय," चुडामण म्हणाला.

दोघं निघाले. तापीला पूर होता, नाववाला नाव सोडायला तयार होईना. मगन त्याच्या पाया पडला, तेव्हा कुठे तो कबूल झाला. पलीकडे चिखलातून चालत, मिळेल त्या गाडीत बसत, ते खापरला पोचले.

पार्वतीबाई अंगणात बसून तूर पाखडत होती. सत्तरीची, केस पांढरे झालेली. मगनला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि कुणाचाही आधार न घेता ताडकन उभी राहिली. "आरे मगन, ये! बघ, बघ मन्हा गुडघा. देव भलं करो तुन्हं." मग तिचं लक्ष चुडामणच्या बोडक्या डोक्याकडे गेलं. "कोन गयं?"

मगननं तोंड फिरवलं. चुडामणनं सांगितलं, मध्ये काहीही न गाळता. बायकोनं खाज लपवली तिथपासून पिवळ्या बाटलीपर्यंत, आणि आपण विचारलं नाही तेही. म्हातारी ऐकत होती, डोळ्यांना पदर लावत होती. पण त्यानं बाटली मागितली तशी ती मागे सरकली.

"माले कोठे काय व्हयनं शे? मन्हा डोया बघ. पांढरा शेतस का नही? सगळासलेच बाधस का?"

"सगळासले नही बाधत. पन कोन्हले बाधी हाई आगोदर कोन्हले कळत नही. डॉक्टरकडे चाला. त्यासनी बघीसन दिधी तर खुशाल खा."

"मी नही येत. तीन वरीस मी या ओट्यावर घसटत चालनी. माले मरू दे, पन उभी मरू दे."

हे शब्द ऐकून चुडामणला क्षणभर वाटलं, उठावं आणि निघून जावं. हिला तिच्या नशिबावर सोडावं. आपल्याला कुणी काय अधिकार दिला कुणाचं चालणं हिरावून घ्यायचा? तो खरंच अर्धवट उठला. मग पुन्हा अंगणात बसला, चिखलातच.

"मी आठेच बससू," तो म्हणाला. "बाटली दिधाशिवाय उठाव नही."

म्हातारी आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पाऊस आला. मगननं मेव्हण्याला आपल्या ओट्यावर ओढायचा प्रयत्न केला, पण तो हलला नाही. शेजारचे जमले, कुणी वेडा म्हणालं, कुणी हाकलायला निघालं. चुडामण भिजत, बोडक्या डोक्यानं, दाराकडे बघत बसून राहिला. आतून पार्वतीबाईचं रडणं ऐकू येऊ लागलं. मग शिव्या. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. त्यानं या वेळी कानांवर हात ठेवले नाहीत.

दिवेलागणीच्या आधी दार उघडलं. म्हातारीनं बाटली त्याच्या अंगावर फेकली. ती दगडावर फुटली आणि पिवळ्या गोळ्या पाण्यात विखुरल्या. कोंबड्या धावल्या, तेव्हा मगननं त्यांना हाकललं आणि दोघं गुडघ्यांवर बसून चिखलातून एकेक गोळी वेचू लागले.

"उद्या सकाळे गाडी लई येस," मगन म्हणाला. "डॉक्टरकडे लई जास तुले मावशी. मी सोता लई जास."

"तुन्हं तोंड नको दखाडू माले," पार्वतीबाई म्हणाली, आणि चौकटीला धरून, आताच दुखायला लागल्यासारखी, हळूहळू खाली बसली.